तुळशीच्या लग्नाआधीची चटणी

आमच्या गल्लीत तुळशीचं लग्न लागेपर्यंत कुणी बोर तोंडात घालत नाही. चिंच नाही, आवळा नाही, बोर नाही. शाळेतली पोरं चोरून खातात ती सोडा. पोरांचं पाप देव धरत नाही, असं गल्लीतल्या म्हाताऱ्याच सांगतात. मोठी माणसं मात्र हा नेम पाळतात. माझी गोष्ट वेगळी. मी ख्रिस्ती. आमच्यावर दुसऱ्या पुष्कळ गोष्टींची बंदी आहे, पण बोरांच्या वाटेला आमचा धर्म कधी गेलेला नाही. एवढ्या एका कारणावरून मला या गावात एक मानाचं पद मिळालं आणि ते मी तीसेक वर्षं सांभाळलं. त्यातली शेवटची काही लबाडीनं.

पद होतं चटणी चाखणारीचं.

पारनेर तालुक्यातल्या या गावात मी प्राथमिक शाळेची शिक्षिका म्हणून बदलून आले, तेव्हा ठरवलं होतं की दोन वर्षं काढायची आणि नगरजवळ बदली मागायची. खोली मिळाली ती आक्काच्या शेजारची. आक्का माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. शेतकऱ्याच्या घरातली, अंगानं काटकुळी, आवाजानं भक्कम. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते म्हणून मीही म्हणते. ती मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणते, शाळेतली पोरं म्हणतात तसं, आणि मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी तिचं 'बाई' काही सुटलेलं नाही.

पहिल्याच वर्षी, दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील, ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात वाटी, वाटीत काहीतरी लालसर, चकचकीत, वाफाळतं. तिनं विचारलं, तुमच्यात आत्ता बोरं चालतात का. मी म्हटलं, आमच्यात बारा महिने चालतात. तिनं वाटी पुढे केली आणि मीठ बरोबर आहे का ते सांगायला लावलं. मी बोटावर घेऊन चाखली. आंबट, गोड, मागून लसणाचा ठसका, आणि मीठ अगदी किंचित कमी. तसं सांगितलं. ती गेली, मीठ घालून परत आली, पुन्हा चाखायला लावलं आणि मी मान डोलावल्यावर तिनं जो सुस्कारा सोडला, तो मला अजून आठवतो.

भानगड अशी होती. आक्काच्या सासरची रानबोरांची चटणी गाभुळलेल्या बोरांची. म्हणजे पुरतं पिकलेलं नाही, पुरतं हिरवं नाही, बोटानं दाबलं तर जरासं दबेल असं बोर. आमच्या माळावर बोरं या अवस्थेला येतात ती नेमकी दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्यामधल्या आठ-दहा दिवसांत. लग्न लागेस्तोवर थांबलं तर निम्मी पाखरं खातात आणि उरलेल्यांत अळी पडते. तेव्हा चटणी करायची नेमाच्या आत, बरणीत भरून फडकं बांधून ठेवायची आणि लग्न लागलं की उघडायची. आता जी वस्तू तोंडात घालायची नाही, तिचं मीठ करणारीला कळावं कसं? आक्काची सासू अंदाजानं घालायची. चुकलं तर ती चूक लग्नापर्यंत बरणीत मुकाट बसून राहायची आणि मग सगळ्या घरासमोर उघडी पडायची. एका वर्षी म्हणे सगळी बरणी म्हशीलासुद्धा चालली नाही.

माप ठरवून घ्यावं म्हटलं तर तेही जमत नाही. बोराचा आंबटपणा दरसाल वेगळा. पाऊस कमी झाला की बोर बारीक राहतं आणि असं आंबट होतं की दात शिवशिवतात. पाऊस बरा झाला की बोर गुबगुबीत आणि बेचव. त्या हिशोबानं गूळ आणि मीठ कमी-जास्त करावं लागतं, आणि त्याला जीभ लागते. ती जीभ म्हणजे मी. बदलीचा अर्ज मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा पाठवायचा राहिला. लग्न केलं नाही, ते राहून गेलं, आणि हळूहळू माझं जे काही घर म्हणायचं ते आक्काच्या स्वयंपाकघरात झालं. सणावाराला तिच्याकडे पाहुणे आले की ती सांगायची, "मीठ बाईंनी पास केलंय." मला फार बरं वाटायचं. आयुष्यभर मी पोरांना पास-नापास केलं, पण त्याचं कुणी एवढं कौतुक केलं नाही.

मग ते तापाचं वर्ष आलं. सगळ्या जगालाच आला होता, मलाही आला. पंधरा दिवसांत उठून बसले, पण उठले ती जीभ तिथेच टाकून. चहा म्हणजे गरम पाणी, वरण म्हणजे कोमट पाणी. आधी वाटलं, चार दिवसांत येईल. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल, वेळ लागेल. वेळ लागतच राहिला. तिखट भाजतं तेवढं कळायचं. खारट, आंबट, गोड यांतलं काही नाही. वास तर साफ गेला होता. एकटीचा स्वयंपाक असल्यानं कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.

खरं तर तेव्हाच आक्काला सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काय होतं? पण दिवाळी झाली, ती हाक मारायला आली आणि मी सांगायचं टाळलं. मला सरळ भीती वाटली. चाखणारीला चव कळत नाही म्हटल्यावर तिचं त्या चुलीपाशी काम काय? शेजारीण म्हणून बोलावलं असतं, चहा दिला असता, पण कामापुरतं कुणाला तरी आपण लागतो, हे सुख गेलं असतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. मी जाऊन बसले, चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, मिटक्या मारल्या आणि म्हटलं, "जरासं मीठ." नुसतं 'छान' म्हणणाऱ्या परीक्षकावर कुणाचा विश्वास बसत नाही, हे मला शाळेतल्या अनुभवानं ठाऊक होतं. आक्कानं चिमूट टाकली. मी पुन्हा चाखून मान डोलावली. तुळशीचं लग्न झालं, बरणी उघडली आणि चटणी उत्तम निघाली. सगळ्यांनी बाईंच्या जिभेचं कौतुक केलं. मी मनात म्हटलं, आक्काचा हातच एवढा बसलेला आहे की माझी गरज कधी नव्हतीच. वाईट वाटलं, पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता. पुढच्या वर्षीही तसंच केलं. त्याच्या पुढच्याही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

यंदा मात्र गोष्ट साधी राहिली नाही. आक्काच्या धाकट्या लेकीला दिवस गेले. ती भिंगारला असते. नवरा तिथल्या छावणीच्या कचेरीत नोकरीला, राहायला क्वार्टर. ही मुलगी चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. वर्गात सर्वांत बडबडी. तोंड बंद कर म्हणून मी तिला जितक्या वेळा सांगितलं असेल तितकं बाकी साऱ्या वर्गाला मिळून सांगितलं नसेल. तिला तिसरा महिना संपला तरी पोटात अन्नाचा कण ठरेना. भात नको, पोळी नको, दुधाचा वास नको. दिवाळीला माहेरी येणं रद्द झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणखी दोन दिवस असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावू. त्या दिवशी दुपारी मी आक्काकडे असतानाच तिचा आईला फोन आला. आवाज इतका बारीक की मला ती दुसरीच कुणी वाटली. म्हणाली, काही नको, फक्त ती बोराची चटणी आठवते, ती असेल तर खाईन.

आक्कानं फोन ठेवला आणि पाटी उचलली. मी विचारलं, अजून तुळशीचं लग्न व्हायचंय ना, तिला कसं चालेल. आक्का म्हणाली, "पोटुशीला कसला नेम? तिच्या पोटातला मागतोय."

आम्ही दोघी माळावर गेलो. बोरी झोडपायला जाण्याचा आमचा एक वेश आहे. आक्का नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा लुगड्यावर चढवते आणि मी माझा शाळेच्या सहलीचा रेनकोट. बोरीचा काटा वाकडा असतो. आत शिरताना काही बोलत नाही, बाहेर येताना धरून ठेवतो. एका वर्षी माझा पदर असा अडकला की आक्काला तो विळ्यानं कापावा लागला. झाडाखाली जुनं पातळ अंथरायचं, फांदीला काठी घालून हलवायची आणि पडलेल्यातलं एकेक बोर बोटानं दाबून निवडायचं. कडक ते बाजूला, मऊ ते गल्लीतल्या पोरांना, दबणारं ते पाटीत. यंदा पाऊस कमी, बोरं बारीक. दोन तास कंबर मोडून पाटी जेमतेम अर्ध्याच्या वर गेली. एरवी या कामात आक्काची टकळी चालू असते. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या बांधाचं काय. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण मी मनात वाक्य जुळवत होते. आक्का, मला चव लागत नाही. चार-पाच शब्द. पोरांना मी केवढे केवढे निबंध लिहायला लावले, आणि हे एवढं वाक्य मला बोलता येत नव्हतं.

घरी येऊन तिनं बोरं धुतली, बेताच्या पाण्यात शिजत टाकली. सालं तडकली तशी परातीत उपसली, निवाली तशी आम्ही दोघींनी हातानं कुस्करून बिया वेगळ्या केल्या. मी पाट्यावर लाल मिरची, लसूण आणि जिरं वाटलं. कढईत तेल, त्यात वाटण, मग बोरांचा गर, मग गूळ. शिजायला लागली की चटणी बुडबुडे फोडते आणि हातावर उडते, म्हणून आक्का लांब दांड्याचा उलथणा घेऊन बसते. मीठ सर्वांत शेवटी.

तिनं मीठ घातलं आणि तेवढ्यात फोन वाजला. लेकीचाच. आक्का उलथणा माझ्या हातात देऊन बाहेरच्या ओट्यावर गेली. काय गं, उलटी झाली का, पाणी तरी पी, असं बोलून डोळे पुसत परत आली, बसली आणि मिठाच्या भांड्यात हात घातला. मी बघत होते. मला वाटलं, मघाशी घातलं होतं की काय. मग वाटलं, मघाशी नुसतं भांडं पुढे ओढलं असेल. मी विचारायला तोंड उघडलं तोवर मीठ कढईत पडलं होतं. आणि लगेच तिनं बशीत थोडी चटणी काढून फुंकर मारून माझ्यापुढे धरली. "बगा बाई. नीट बगा."

मी नीट बघितली. जिभेवर ऊन काहीतरी आलं, मिरचीनं चुरचुरलं आणि संपलं. आक्का माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की खरं सांगायचं ठरवून आलेली मी घाबरले. आणि घाबरलेलं माणूस सवयीचं तेच बोलतं. मी म्हटलं, "जरासं मीठ."

तिनं घातलं. मी मान डोलावली. चटणी गार करून बरणीत भरली, सकाळच्या एसटीनं दोघींनी भिंगारला जायचं ठरलं, आणि माझ्या वाट्याची वाटी घेऊन मी घरी आले.

दिवेलागणीला भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली. चव नसली तरी माझ्या वाट्याची वाटी मी कधी टाकलेली नाही. खाऊन उठले आणि तांब्याभर पाणी प्यायले. थोड्या वेळानं आणखी एक तांब्या. तिसरा तांब्या भरताना हात थांबला. जिभेला कळलं नव्हतं ते घशाला कळलं होतं. चटणी खारट झाली होती, थोडीथोडकी नाही, आणि त्यातली शेवटची भर माझी होती. उद्या ती पोर पहिला घास तोंडात घालणार, आणि जगात तिला खावीशी वाटणारी जी एक वस्तू उरली होती तिच्यावरून तिचं मन उडणार. मी वाटी तशीच हातात घेतली आणि आक्काकडे गेले.

आक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "आक्का, मला चव लागत नाही. तापापासून. दरवर्षी मी खोटं सांगत आले."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हाईत हाय मला."

मला आधी वाटलं, तिला नीट कळलं नाही. ती सांगायला लागली. तापातून उठल्यावर पहिल्यांदा मी तिच्याकडे चहाला गेले होते, तेव्हा घाईत तिच्या हातून साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी सगळा कप पिऊन खाली ठेवला आणि वर 'आलं छान लागतंय' असं म्हटलं. मग तिनं आपला कप तोंडाला लावला आणि तिला सगळं कळलं. आलं तर तिनं घातलंच नव्हतं.

"मग चटणी बरोबर कशी व्हायची?" मी विचारलं.

आक्कानं परातीतलं पीठ एका बाजूला ओढलं. मग म्हणाली, "मीच चाखत हुते. तुमची पाठ फिरली की."

मी खाली बसले. या बाईनं तीसेक वर्षं माझ्यासमोर हा नेम पाळला होता. एकदा निवडताना बोराचा रस बोटाला लागला आणि चुकून बोट तोंडात गेलं, तर चूळ भरून आली होती. तिनं माझ्यासाठी, तोंड लपवून, चोरासारखी चटणी चाखली होती. आणि, तिनं पुढे सांगितलं, मी 'जरासं मीठ' म्हणायचे तेव्हा ती भांड्यात हात घालायची, काही न उचलता तशीच चिमूट कढईवर झटकायची आणि मला पुन्हा चाखायला द्यायची. मी रिकाम्या चिमटीची चव घेऊन मान डोलवायचे.

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, मला मिटक्या मारायला लावून मजा बघत होतीस का. माझ्या तोंडून तिला 'अगं-तुगं' झालं, ते आयुष्यात पहिल्यांदा. तिनं भाकरी उलटली.

"सांगितलं असतं तर तुमी यायच्या बंद झाल्या असत्या," ती म्हणाली. "मला चाखनारी लई मिळतील. संगट बसनारी कुठून आनू?"

रागानं जे बोलायचं होतं ते राहून गेलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी चुलीच्या धुरावर ढकललं, आणि ती गॅसवर भाकरी करते हे दोघींनाही दिसत होतं. 'चुलीपाशी' हा शब्द आमच्याकडे गॅस आला तरी गेलेला नाही.

मग मला वाटीची आठवण झाली. म्हटलं, अहो, पण ही खारट आहे, मला तहान लागलीये, तुम्ही यंदा चाखली नाही का. आक्काचा हात थांबला. म्हणाली, नाही. लेकीच्या पायी यंदा तिनं नेम कडक धरला होता. पोरीचं सगळं नीट होऊ दे, बोराचा रससुद्धा तोंडाला लावणार नाही, असं तुळशीला सांगून बसली होती. आणि मी 'जरासं मीठ' म्हटलं तेव्हा तिनं चिमूट भरून घातली. तिला वाटलं, बाई यंदा एवढ्या ठामपणे म्हणताहेत, म्हणजे जीभ परत आली असेल. त्याआधी दोनदा घातलं होतं का, ते तिला फोनच्या गडबडीत आठवेना.

म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती चटणी एकाही शहाण्या जिभेनं चाखलेली नव्हती. घरात दुसरं माणूस म्हणजे आक्काचे मालक, त्यांचा नेम तिच्याहून कडक. आमच्या ख्रिस्ती लोकांची दोन घरं खालच्या आळीला आहेत, पण दिवाळीच्या सुट्टीत दोन्हींना कुलूप. गल्लीतल्या पोरांना मीठ कळत नाही, बशी चाटून ती नुसतं 'छान' म्हणतात. आक्का म्हणाली, मीच चाखते, तुळशीला काय सांगायचं ते सांगेन. तिनं बोट पुढे केलंसुद्धा. मी तिचा हात धरला. माझ्यासाठी तिनं नेम मोडला तो मोडला. पोरीसाठी धरलेला मोडू द्यायची माझी तयारी नव्हती.

पाटीत अजून थोडी बोरं शिल्लक होती. मी म्हटलं, आपण दुसरी चटणी करू, अळणी. चिमूटभरसुद्धा मीठ नाही. दोन्ही बरण्या घेऊन जाऊ. ती, आणि ही. पोरगी आपल्या ताटात हवी तशी मिसळेल. जिला खायची तिची जीभ तर शाबूत आहे ना?

आक्का माझ्याकडे बघून हसली. दिवसभरात पहिल्यांदा. मग आम्ही पुन्हा बोरं शिजवली, पुन्हा कुस्करली, आणि मिठाचं भांडं मी उचलून कपाटात ठेवलं, कारण तिच्या हातावर माझा विश्वास उरला नव्हता आणि माझ्या तोंडावर तिचा. इतक्या वर्षांत आम्ही चटणी करताना एवढ्या हसलो नव्हतो. मिठाच्या चहाची गोष्ट तिनं मला तीन वेळा सांगितली आणि दर वेळी माझा चेहरा करून दाखवला.

सकाळी दोन बरण्या मांडीवर घेऊन आम्ही नगरची एसटी धरली. स्टँडवरून भिंगारला रिक्षा. लेक दारातच बसली होती. गालफडं बसलेली, डोळे मोठे. आम्हाला बघून हसली, पण बोलली नाही, आणि या मुलीचं न बोलणं मला उलटीपेक्षा वाईट वाटलं. आक्कानं लगेच स्वयंपाकघरात जाऊन बाजरीचं पीठ मळायला घेतलं. मी ताटात दोन बाजूंना दोन चटण्या वाढल्या आणि तिला सांगितलं, ही खारट, ही अळणी, तूच काय ते बघ. असं का, म्हणून तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. तापापासूनचं, लबाडीचं, रिकाम्या चिमटीचं. विद्यार्थिनीपुढे कबुली द्यायची वेळ आली तर माणसानं पळ काढू नये, असं मला वाटलं.

तिनं ऐकून घेतलं. मग गरम भाकरीचा एक लहान तुकडा तोडला, दोन्हीकडची चटणी बोटानं एकत्र केली आणि तोंडात घातला. आक्का आतून हातातलं पीठ न झटकता दारात येऊन उभी राहिली. मी विचारलं, कशी आहे.

"तुम्हाला काहीच लागत नाही?" तिनं उलट मलाच विचारलं.

"काही नाही. तू सांग."

आणि ती सांगायला लागली. आधी आंबट लागतं, पण नुसतं आंबट नाही, दातांच्या मुळाशी. तिनं आणखी एक तुकडा घेतला, कारण पुढचं काय लागतं ते तिला नीट आठवेना. मग गूळ येतो, तो मागून येतो, गालाच्या आतल्या बाजूला. आणखी एक तुकडा. लसूण कच्चा नाही लागत, भाजल्यासारखा लागतो. मीठ या बाजूचं जास्त झालं. थांबा, इकडची थोडी घालते. हां, आता बरोबर. मी मुद्दाम खुळ्यासारखी विचारत राहिले. आंबट म्हणजे चिंचेसारखं की कैरीसारखं? गूळ जुना वाटतो की नवा? ती चिडून म्हणाली, बाई, तुम्ही मध्ये बोलू नका, मला नीट सांगू द्या. आणि पुढचा घास घेऊन, भरल्या तोंडानं, पहिल्यापासून सांगायला लागली.

मी तिला वर्गात कधी एवढं बोलू दिलं नव्हतं. तिचं सांगून संपलं तेव्हा ताटात भाकरी उरली नव्हती. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. आक्कानं माझ्याकडे बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत जाऊन दुसरी भाकरी तव्यावर टाकली.